लिनक्सवर डीफॉल्ट साउंड कार्ड ठरवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणं पुढे सरकतंय, आवाजाची पट्टी शंभरावर आहे आणि स्पीकर मात्र ढिम्म. लिनक्सवर असं झालं तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. आवाज निघालेला असतो, फक्त भलत्याच घरी पोचलेला असतो.

आज्ञा वाचण्याआधी एक सूचना. इथे सगळं देवनागरीत आहे, टर्मिनलमध्ये मात्र रोमन लहान अक्षरांत टाइप करायचं. अवतरणचिन्हांत जोडरेघेने जोडलेले तुकडे सलग लिहायचे : ‘पी-ए-सी-टी-एल’ म्हणजे पाच अक्षरांचा एक शब्द, ‘ए-प्ले’ म्हणजे ए आणि प्ले सलग. खरोखरची आडवी रेघ हवी असेल तिथे मी ‘वजा’ लिहिलं आहे.

माझ्या संगणकात साउंड कार्ड एकच आहे. मग डीफॉल्ट ठरवायचा प्रश्न येतोच कुठे?

एकच आहे असं वाटतं. बाजारातून कार्ड आणून डब्यात बसवण्याचे दिवस गेले, पण आवाज काढणारी किंवा घेणारी प्रत्येक वस्तू लिनक्सच्या लेखी एक कार्डच असते. मदरबोर्डवरची आवाजाची चिप हे एक. एचडीएमआय केबलमधून चित्रासोबत आवाजही जातो, म्हणून ग्राफिक्सचं दुसरं. वेबकॅममधला माइक तिसरं, यूएसबी हेडफोन चौथं.

मोजून बघायचं तर टर्मिनलमध्ये ‘ए-प्ले’ लिहा, जागा सोडा, वजा आणि लहान एल द्या. मोठं एल दिलंत तर वेगळीच, हातभर लांब यादी येईल. माइक बघायचे तर ‘ए-प्ले’ऐवजी ‘ए-रेकॉर्ड’. ब्लूटूथचा स्पीकर या दोन्ही याद्यांत दिसणार नाही. त्याची व्यवस्था वरच्या थरात होते, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून घाबरू नका.

काल शून्य क्रमांकाला स्पीकर होता, आज एचडीएमआय आहे. मी तर काहीच बदललं नाही!

तुम्ही नसेल बदललं, पण रांग बदलली. संगणक सुरू होताना ज्या कार्डाचा ड्रायव्हर आधी तयार होतो त्याला शून्य क्रमांक मिळतो, पुढच्याला एक, त्यापुढच्याला दोन. दवाखान्यातल्या टोकनसारखंच. आज तुमचा नंबर तिसरा म्हणून उद्याही तिसराच असेल असं नाही. ग्राफिक्स कार्डाने एखादे दिवशी आधी हजेरी लावली की कानामागून आली आणि तिखट झाली, अशातली गत.

या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : कार्ड क्रमांकाने पकडू नका, नावाने पकडा. प्रत्येक कार्डाला एक छोटं नाव असतं. मदरबोर्डच्या चिपला अनेकदा ‘पी-सी-एच’ किंवा ‘जेनेरिक’, यूएसबीच्या साध्या डोंगलला नुसतं ‘डिव्हाइस’. ‘ए-प्ले’च्या यादीत क्रमांकापुढे जो शब्द येतो तोच हा. ‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘ए-साउंड’ फोल्डरात ‘कार्ड्स’ नावाची फाइल असते, तिच्यातही तो चौकटी कंसात दिसतो. एकाच जातीचे दोन डोंगल लावलेत तर दुसऱ्याच्या नावाला शेपूट जोडलं जातं, आणि मग कोण पहिला, कोण दुसरा हा वाद पुन्हा रांगेवरच येतो. तेवढी एक पळवाट सोडली तर नाव भरवशाचं.

अल्सा, पल्सऑडिओ, पाइपवायर... इतकी नावं कशाला? माझ्याकडे यातलं काय आहे?

सगळ्यात खाली अल्सा. ते थेट हार्डवेअरशी बोलतं. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६ या आवृत्तीपासून ओएसएस या जुन्या आवाज-व्यवस्थेची जागा त्याने घेतली. ते आजही प्रत्येक लिनक्सवर आहे, काढून टाकायचा प्रश्नच नाही.

त्याच्या वर एक साउंड सर्व्हर बसतो. सगळ्या प्रोग्रामचे आवाज तो एकत्र करतो आणि कुठे पाठवायचे ते ठरवतो. आधी ते काम लेनार्ट पोएटरिंग यांच्या पल्सऑडिओकडे होतं. आता बहुतेक ठिकाणी ते विम टायमन्स यांच्या पाइपवायरकडे आहे. फेडोराने ३४व्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ साली, पाइपवायर स्वीकारलं, उबुंटूने २२.१० मध्ये, लिनक्स मिंटने २२मध्ये. पाइपवायर म्हणजे नुसती पाइपलाइन. कोणती चावी सोडायची हे ठरवणारा त्याचा जोडीदार वेगळा, त्याचं नाव वायरप्लंबर. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती.

तुमच्याकडे काय आहे हे ‘पी-ए-सी-टी-एल’ आणि पुढे ‘इन्फो’ दिलं की कळतं. सर्व्हर नेमच्या ओळीत नुसतं पल्सऑडिओ असेल तर तेच. ‘पल्सऑडिओ ऑन पाइपवायर’ असं असेल तर पाइपवायर पल्सऑडिओची जुनी भाषा बोलून दाखवतंय. म्हणूनच जुन्या आज्ञा नव्या संगणकावरही चालतात.

सगळ्यात सोपा मार्ग सांगा, टर्मिनल नको.

सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे आउटपुट, हवं ते निवडा. झालं. ग्नोम, केडीई, सिनॅमन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच.

यादीत हवं ते दिसतच नसेल तर ‘पावू-कंट्रोल’ हा छोटा प्रोग्राम टाका. मेन्यूत तो पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या नावाने येतो, रोमन स्पेलिंग पी-ए-व्ही-यू आणि पुढे कंट्रोल. त्याच्या आउटपुट डिव्हाइसेस टॅबमध्ये प्रत्येक कार्डापुढे बरोबरची एक खूण असते. ती दाबली की ते डीफॉल्ट. शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये प्रत्येक कार्डाचं प्रोफाइल, म्हणजे ते कार्ड कोणत्या रीतीने वापरायचं ती निवड, दिसतं. ते ‘ऑफ’ असेल तर कार्ड बाकी कुठल्याच यादीत येत नाही. ‘माझं कार्ड गायब झालं’ म्हणणाऱ्यांना मी सगळ्यात आधी इथे बघायला लावतो.

आणि टर्मिनलमधून?

पाइपवायर असेल तर ‘डब्ल्यू-पी-सी-टी-एल’ आणि पुढे ‘स्टेटस’. लांबलचक झाड छापलं जाईल, त्यातला ‘सिंक्स’ हा भाग शोधा. सिंक म्हणजे आवाज जिथे जाऊन पडतो ते ठिकाण. स्वयंपाकघरातलं सिंक डोळ्यापुढे आणा, लक्षात राहील. ज्याच्यापुढे तारा आहे ते सध्याचं डीफॉल्ट. हव्या त्या ओळीच्या सुरुवातीचा आकडा घेऊन ‘डब्ल्यू-पी-सी-टी-एल’, मग ‘सेट वजा डीफॉल्ट’, मग तो आकडा. निवड लगेच लागू होते आणि पुढच्या वेळेसाठी जपूनही ठेवली जाते.

पल्सऑडिओ असो वा पाइपवायर, दोन्हीकडे चालणारा रस्ता ‘पी-ए-सी-टी-एल’चा. आधी ‘लिस्ट शॉर्ट सिंक्स’ देऊन नावं बघा. ती लांबडी असतात : सुरुवातीला अल्सा आउटपुट, मधे कार्डाचा पीसीआय पत्ता किंवा यूएसबी वस्तूच्या कंपनीचं नाव, शेवटी अ‍ॅनालॉग स्टिरिओसारखं प्रोफाइल. मग ‘सेट वजा डीफॉल्ट वजा सिंक’ आणि ते नाव. टाइप करू नका, कॉपी करा. एक अक्षर चुकलं की फुकट चिडचिड.

यातल्या कशालाही आधी ‘सुडो’, म्हणजे रूटचे (प्रशासकाचे) अधिकार देणारा शब्द, लावू नका. साउंड सर्व्हर तुमच्या खात्याखाली चालतो. सुडो लावलं की आज्ञा रूटचा सर्व्हर शोधायला जाते, आणि तो नसतोच.

निवडलेलं टिकत नाही, रीबूट केलं की पहिले पाढे पंचावन्न.

तीन शक्यता बघा. पहिली, तुम्ही ‘डब्ल्यू-पी-सी-टी-एल’ची आज्ञा आकड्यासकट एखाद्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली आहे. तो आकडा कायमचा नसतो. रीबूट केलं, काही काढलं, काही लावलं, की बदलतो. स्क्रिप्टमध्ये ‘पी-ए-सी-टी-एल’ आणि नावच हवं.

दुसरी, प्रोफाइल बदलतंय. सिंकच्या नावातच प्रोफाइल असतं, त्यामुळे प्रोफाइल बदललं की जुन्या नावाचं सिंक उरतच नाही, आणि वायरप्लंबर दुसरं कोणी बघतो. वायरप्लंबरचा नियम साधा आहे : तुम्ही निवडलेलं हजर असेल तर ते, नाहीतर हजर असलेल्यांत ज्याचा अग्रक्रम वरचा ते. निवडलेलं परत आलं की गादी त्याला परत मिळते.

तिसरी शक्यता म्हणजे जुन्या काळातली, कोणीतरी लिहून ठेवलेली सेटिंग फाइल. त्याबद्दल पुढच्याच प्रश्नात.

इंटरनेटवर सगळे ‘ए-साउंड-आर-सी’ नावाची फाइल बनवायला सांगतात. बनवू का?

डेस्कटॉपवर शक्यतो नको. हा सल्ला खोटा नाही, शिळा आहे. होम फोल्डरात टिंबाने सुरू होणारी ही फाइल फक्त अल्साला सांगते की डीफॉल्ट कोण. तुमचा ब्राउझर आणि म्युझिक प्लेयर मात्र वरच्या सर्व्हरशी बोलतात, ते ही फाइल वाचत नाहीत. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

नुसतं निरुपयोगी असतं तरी चाललं असतं, पण त्याने नुकसानही होतं. पाइपवायर असलेल्या संगणकावर अल्साचा डीफॉल्ट हा मुद्दाम पाइपवायरकडे वळवलेला असतो, म्हणजे फक्त अल्सा जाणणारे जुने प्रोग्रामही सर्व्हरमार्फतच वाजतील. तुम्ही फाइल लिहून तो थेट हार्डवेअरकडे वळवलात, की एखादा जुना प्रोग्राम कार्ड एकट्यासाठी धरून बसतो आणि बाकीच्यांना ‘डिव्हाइस बिझी’ ऐकवलं जातं. ही फाइल बनवून विसरलेली माणसं वर्षभराने तक्रार घेऊन येतात, आणि काय बदललं होतं हे त्यांना आठवत नाही. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपलेल्या असतात ना.

मग ती फाइल उपयोगाची कधी?

साउंड सर्व्हरच नसेल तेव्हा. डेस्कटॉप नसलेला छोटा सर्व्हर, रोज ठरल्या वेळी शाळेची घंटा वाजवणारा जुना संगणक, कोपऱ्यात ठेवून सकाळी सहाला भूपाळी लावणारा रास्पबेरी पाय. तिथे दोन ओळी पुरतात. पहिली : ‘डीफॉल्ट्स’, टिंब, ‘पी-सी-एम’, टिंब, ‘कार्ड’, जागा, आणि कार्ड. दुसरी तशीच, फक्त ‘पी-सी-एम’च्या जागी ‘सी-टी-एल’. पहिली आवाजासाठी, दुसरी व्हॉल्यूमसाठी. क्रमांकाऐवजी नाव देत असाल, आणि द्याच, तर ‘कार्ड’ या शब्दाला चिकटून आधी उद्गारचिन्ह हवं. सगळ्या खात्यांसाठी हवं असेल तर ‘ई-टी-सी’ फोल्डरात ‘ए-साउंड टिंब कॉन्फ’.

जुन्या लेखांत ‘टाइप एच-डब्ल्यू’ असलेला एक मोठा महिरपी कंसाचा ठोकळा सापडेल. तो उचलू नका. तो अल्साची आवाज मिसळायची सोय, डीमिक्स, ओलांडून थेट कार्डाला हात घालतो, आणि मग एका वेळी एकच प्रोग्राम वाजतो. वरच्या दोन ओळींत डीमिक्स शाबूत राहतं.

अशाच संगणकावर पण पाइपवायर असताना क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, आवाज काढायचा असेल तर निराळी अडचण येते. क्रॉनला तुमच्या सत्राचा पत्ता माहीत नसतो. ‘एक्स-डी-जी’, ‘रनटाइम’ आणि ‘डीआयआर’ हे शब्द खालच्या रेघेने जोडून मोठ्या अक्षरांत होणारं जे चल आहे, त्यात ‘रन’ फोल्डरातल्या ‘यूजर’ फोल्डरातला तुमच्या खात्याच्या क्रमांकाचा पत्ता द्यावा लागतो. पहिल्या खात्याचा क्रमांक सहसा १००० असतो. शिवाय कोणी लॉगिन नसेल तर सर्व्हर चालूच नसतो, त्यासाठी ‘लॉगिन-सी-टी-एल’ची ‘इनेबल वजा लिंगर’ ही आज्ञा आहे.

मॉनिटरला स्पीकरच नाहीत. तरी एचडीएमआय यादीत का?

मॉनिटर केबलवरून स्वतःची ओळख सांगतो, आणि त्यात ‘मला आवाज घेता येतो’ असंही सांगू शकतो. पुष्कळदा मागे हेडफोनसाठी एक भोक दिलेलं असतं, त्याच्या जिवावर. मी स्वतः एक अख्खी रविवारची दुपार ड्रायव्हर बदलण्यात घालवली आणि संध्याकाळी कळलं की गाणी सकाळपासून त्या भोकात वाजत होती.

ते कार्ड नकोच असेल तर ‘पावू-कंट्रोल’च्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये त्याचं प्रोफाइल ‘ऑफ’ करा. घरात एवढं पुरतं.

कर्नलच्या पातळीवरच क्रम फिरवायचा तर ‘ई-टी-सी’मधल्या ‘मॉडप्रोब टिंब डी’ फोल्डरात, ‘कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलीत, ड्रायव्हरला ‘इंडेक्स’ देता येतो. एकाच ड्रायव्हरची दोन कार्डं असतील तर ‘इंडेक्स’ बरोबर एक, स्वल्पविराम, शून्य असं लिहिलं की दोघांची अदलाबदल. पण ड्रायव्हर सरसकट ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे सुरूच होऊ देऊ नका, हा सल्ला मिळाला तर थांबा. ग्राफिक्सची एचडीएमआय आणि मदरबोर्डची चिप ही दोन्ही कार्डं बहुधा एकाच ड्रायव्हरवर चालतात. त्याच्या नावात ‘इंटेल’ आहे, पण एएमडी आणि एनव्हिडियाची कार्डंही तोच वापरतात. त्याला घालवलंत तर दोन्ही गेले.

हेडफोन लावला तरी आवाज स्पीकरमधून. हेडफोनचं कार्ड डीफॉल्ट कसं करू?

गोल पिनचा हेडफोन आणि लॅपटॉपचा स्पीकर ही दोन कार्डं नाहीत. एकाच कार्डाची ती दोन दारं आहेत, त्यांना पोर्ट म्हणतात. ‘पावू-कंट्रोल’मध्ये आउटपुट डिव्हाइसच्या खाली पोर्टची यादी असते, तिथे हेडफोन्स निवडा. पिन घातल्यावर आपोआप बदलायला हवं, नाही बदलत तर ‘अल्सा-मिक्सर’मध्ये ‘ऑटो म्यूट मोड’ बघा. यूएसबी हेडफोन मात्र खरोखरच वेगळं कार्ड असतं.

बाकी सगळं नीट वाजतं, एकच प्रोग्राम ऐकत नाही.

तुम्ही कधीतरी त्या प्रोग्रामचा आवाज दुसरीकडे वळवला असेल. साउंड सर्व्हर प्रत्येक प्रोग्रामची आवड लक्षात ठेवतो, आणि ती आवड डीफॉल्टपेक्षा वरचढ ठरते. प्रोग्राम चालू असताना ‘पावू-कंट्रोल’च्या प्लेबॅक टॅबमध्ये जाऊन त्याला परत योग्य जागी न्या. व्हीएलसीच्या ऑडिओ मेन्यूत स्वतःची डिव्हाइसची निवड आहे, व्हिडिओ कॉलच्या बहुतेक प्रोग्रामांतही असते. तिथेही डोकावा.

कॉलवर समोरच्यांना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो.

माइकचं डीफॉल्ट आउटपुटपेक्षा वेगळं असतं, त्याला ‘सोर्स’ म्हणतात. त्याच्या यादीत ‘मॉनिटर ऑफ’ने सुरू होणारी नावं काही ठिकाणी दिसतात. हा मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे! स्पीकरकडे जे चाललं आहे त्याची ती प्रत असते, स्क्रीन रेकॉर्डिंगला उपयोगी. माइक म्हणून ती निवडली तर समोरच्याचं बोलणं समोरच्यालाच परत जातं आणि तुमचं कोणालाच नाही. खरा माइक निवडा. वेबकॅमचा माइक नको असेल तर त्याचं प्रोफाइल ‘ऑफ’.

ब्लूटूथ हेडफोनवर कॉल सुरू झाला की गाणी जुन्या टेलिफोनसारखी वाजतात.

ब्लूटूथची दोन प्रोफाइलं असतात : एटूडीपी चांगल्या आवाजाचं पण माइक नसलेलं, आणि हेडसेटचं, माइकसकट पण आवाज बेताचा. प्रोग्रामने माइक मागितला की दुसरं लागू होतं. माइक लॅपटॉपचा निवडा आणि ऐकायला हेडफोन ठेवा.

यादीत फक्त ‘डमी आउटपुट’ आहे.

म्हणजे सर्व्हरला एकही कार्ड मिळालं नाही. ‘ए-प्ले’ची यादी रिकामी असेल तर दोष खालच्या थरात आहे. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांना साउंड ओपन फर्मवेअर लागतं. डेबियनवर ते ‘फर्मवेअर वजा एसओएफ वजा साइन्ड’ नावाच्या पॅकेजात मिळतं. टाका आणि रीबूट करा. यादीत कार्ड दिसत असूनही डमीच असेल तर दुसऱ्या कोणी कार्ड धरून ठेवलं असेल, किंवा सर्व्हर अडकला असेल. ‘सिस्टम-सी-टी-एल’, दोन वजा आणि ‘यूजर’, ‘रीस्टार्ट’, मग वायरप्लंबर आणि पाइपवायर ही नावं. इथेही सुडो नको.

कार्ड बरोबर निवडलं, तरी शांतता.

‘अल्सा-मिक्सर’ उघडा. एफ ६ दाबून खरं कार्ड निवडा, नाहीतर सर्व्हरची एकच पट्टी दिसत राहील. पट्टीखाली दोन एम दिसले तर ती म्यूट आहे. एम दाबा, त्यांचे दोन ओ होतील. मग ‘स्पीकर वजा टेस्ट’, पुढे वजा सी आणि दोन, वजा टी आणि ‘वेव्ह’मधली डब्ल्यू-ए-व्ही ही तीन अक्षरं. एक बाई ‘फ्रंट लेफ्ट’, ‘फ्रंट राइट’ म्हणेल. मराठीच ऐकायचं असेल तर ‘ई-स्पीक वजा एनजी’ला वजा व्ही आणि ‘एमआर’ देऊन कुठलंही वाक्य द्या. आवाज यंत्राचा आहे, पण कळतं.

दोन ठिकाणी एकदम वाजवता येईल का?

येईल. ‘पी-ए-सी-टी-एल’, ‘लोड वजा मॉड्यूल’, ‘मॉड्यूल वजा कंबाइन वजा सिंक’. एक नवं सिंक तयार होतं, ते डीफॉल्ट करा. रीबूटनंतर ते जातं.

माझे वडील ओर्का हा स्क्रीन रीडर वापरतात. आवाज दुसऱ्या कार्डाकडे गेला की त्यांना सेटिंग्जसुद्धा उघडता येत नाहीत.

डोळस माणसाला जी गैरसोय, ती त्यांच्यासाठी पूर्ण अंधार आहे. म्हणून आधीच एक दोर बांधून ठेवा. कीबोर्ड शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये एक नवा शॉर्टकट करा, त्याला ‘पी-ए-सी-टी-एल’ची ‘सेट वजा डीफॉल्ट वजा सिंक’ ही आज्ञा द्या, सिंकच्या नावानिशी. कार्ड जिथे आहे तिथेच असेल आणि प्रोफाइल तेच असेल तोवर तीन बटणं दाबली की आवाज परत. सोबत नको असलेल्या एचडीएमआयचं प्रोफाइल ‘ऑफ’ करून ठेवा. शॉर्टकट त्यांच्या हातून दोनदा करून घ्या, एकदा मुद्दाम आवाज दुसरीकडे पाठवून.

मी इतकं ढवळलंय की आता काय कुठे आहे कळत नाही. मूळ स्थितीला कसं येऊ?

होम फोल्डरातल्या ‘ए-साउंड-आर-सी’चं नाव बदला, आणि स्वतः लिहिली असेल तर ‘ई-टी-सी’मधल्या ‘ए-साउंड टिंब कॉन्फ’चंही. ‘डब्ल्यू-पी-सी-टी-एल’ला ‘क्लिअर वजा डीफॉल्ट’ सांगा, निवडलेली डीफॉल्टं पुसली जातील. तरी गोंधळ उरला तर होममधल्या ‘टिंब लोकल’, त्यातल्या ‘स्टेट’ आणि त्यातल्या ‘वायरप्लंबर’ फोल्डराचं नाव बदलून सेवा रीस्टार्ट करा. वायरप्लंबर रिकाम्या पाटीवर सुरू होतो. मग सेटिंग्जमधून एकदाच निवडा. पुसायचं काहीच नाही, फक्त नावं बदलायची, म्हणजे फसलं तर परत आणता येईल.